रानटीपणा उपजत नसतो

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ (1954) या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले एकमेकांच्या जिवावर उठतात. तेवढ्यावरून आपले सुशिक्षित निकाल देतात : माणूस मुळात पशूच, दंडुक्याविना तो ताळ्यावर राहावयाचा नाही! हा निकाल सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा आहे. म्हणूनच तो तपासला पाहिजे.

त्यासाठी बेट कशाला? 1972 च्या दुष्काळात, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या भोकरदनसह सारा मराठवाडा होरपळला. उपासमारीने तरी माणूस पशू व्हावयास हवा होता. तो खडी फोडावयास गेला. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. त्यांनी मोर्चे काढून काम मागितले. त्या लढ्यांतूनच पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला.

उलट, 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि याच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. तेव्हा कायदा, पोलीस, शाळा सारे जागेवर होते. कोणते घर जाळावयाचे हे उपजत क्रौर्याने नव्हे, जातीने ठरविले.

गोल्डिंग यांची मुलेही अणुयुद्ध पेटविणाऱ्या जगातूनच आली होती. त्यांना सोडविणारा अधिकारी युद्धनौकेवरचाच होता.

साथींनो, ‘माणूस असाच’ म्हणणारा आग लावणाऱ्यांना निर्दोष सोडतो. स्वभावावर खटला चालत नाही. जातिव्यवस्थेविरुद्ध मात्र लढता येते.