थोड्या वॉटांची मैफल

आमचे मामा गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाले आणि त्यांनी मनात अनेक वर्षे जपलेली एक हौस पुरी केली. लहानपणी त्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या पाठीमागे दिसणारा तांबूस उजेड आणि त्यातून येणारे गाणे ही दोन्ही त्यांच्या मनात एकच होऊन राहिली होती. म्हणून त्यांनी व्हॉल्व्हचा एक लहानसा अँप्लिफायर विकत घेतला. त्याची शक्ती प्रत्येक बाजूस केवळ साडेतीन वॉट. घरातील पुस्तकांच्या फळीवर मावणारे जुने स्पीकर त्यांनी त्याला जोडले.

परंतु आठवड्याच्या आतच त्यांचा विरस झाला. विलंबित ख्याल रंगत असे तोवर सारे सुरळीत. पण तबल्यावर जोराची थाप पडली किंवा गायकाने तार षड्ज लावला, की आवाज फाटत असे. दुकानदाराने सल्ला दिला, "हा विकून टाका आणि पन्नास वॉटांचा घ्या." निवृत्तीच्या पुंजीतून पुन्हा तेवढीच रक्कम काढण्याच्या बेतात असताना मामा मला म्हणाले, "अरे, तू मासिकासाठी नाना विषयांची भाषांतरे करतोस. ह्यातले काही कळते का तुला?"

थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले, की दोष अँप्लिफायरचा नव्हता, जोडीचा होता.

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा एक आकडा छापलेला असतो. स्पीकरला 1 वॉट वीज दिली असता 1 मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज होतो, हे तो सांगतो. सर्वसाधारण स्पीकर मिळालेल्या विजेपैकी शेकडा एकाच्या आसपासच भाग नादात रूपांतरित करतो. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. म्हणून ह्या आकड्यातील लहानसा फरकही फार मोठा ठरतो. आवाज 3 डेसिबेलने वाढवावयाचा तर शक्ती दुप्पट लागते. मामांचे स्पीकर 84 डेसिबेलचे होते. त्यांच्या जागी 96 डेसिबेलचे घेतले तर फरक 12 डेसिबेलचा, म्हणजे चार वेळा दुप्पट, अर्थात सोळापट! साडेतीन वॉटांचे काम छपन्न वॉटांसारखे होते, आणि तेही अँप्लिफायर न बदलता. संगीतातील क्षणिक आघात सरासरी आवाजाहून 10 ते 15 डेसिबेल सहज वर जातात. तेथेच मामांच्या अँप्लिफायरची शक्ती संपत होती.

मग पूर्वीच्या लोकांचे कसे भागत होते? ग्रामोफोनला तर वीज मुळीच लागत नसे. सुईची बारीक थरथर घरभर ऐकू येई ती कर्ण्याच्या बळावर. बोलपट आले तेव्हाही वॉट दुर्मिळ होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची 1938 सालची प्रसिद्ध 300बी ही व्हॉल्व्ह एकटी सुमारे 8 वॉटच देते. म्हणून चित्रपटगृहांतून भव्य कर्णे बसविले जात. पॉल क्लिप्श ह्यांनी 1946 पासून विक्रीस आणलेला, खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्ण्याचा स्पीकर कंपनीच्या पत्रकाप्रमाणे 105 डेसिबेलचा आहे. पुढे 1954 साली एडगर व्हिल्चर ह्यांचा लहान बंदिस्त पेटीचा स्पीकर आला. त्याने खर्जाचा गंभीर नाद छोट्या पेटीतून काढून दाखविला, पण त्यासाठी वीज मात्र अधिक मागितली. ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केल्यावर ती मागणी कोणास जाचली नाही.

पियानोवादक जोसेफ हॉफमन ह्यांचे चिरंजीव जोसेफ अँटन हॉफमन हे स्पीकरशास्त्राचे जाणकार होते. त्यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि अधिक संवेदनशीलता ह्या तिन्हींपैकी दोनच एका वेळी पदरात पडतात. थोड्या वॉटांचा संसार करणाऱ्याने खोलीत मोठ्या पेटीला जागा द्यावी, नाही तर खर्जाचा थोडा मोह सोडावा.

स्पीकर निवडताना एवढे पाहावे. साध्या दिवाणखान्यात दोन-चार वॉटांसाठी 95 डेसिबेल किंवा अधिक, आणि आठ-दहा वॉटांसाठी निदान 91-92 डेसिबेलचा स्पीकर असावा. पत्रकात "2.83 व्होल्ट" असे लिहिले असेल तर सावध राहावे. 8 ओहमच्या स्पीकरला तो 1 वॉट होतो. 4 ओहमच्या स्पीकरला मात्र 2 वॉट, म्हणून तेथे छापील आकड्यातून 3 वजा करावेत. ज्याचा ओहमचा आकडा निरनिराळ्या स्वरांवर फार खालीवर होत नाही असा स्पीकर घ्यावा. नाही तर अशा अँप्लिफायरवर काही स्वर फुगतात, काही दबतात. अँप्लिफायरच्या पाठीमागे 4, 8, 16 ओहमच्या निरनिराळ्या जोडण्या असतील, तर स्पीकरशी जुळणारी वापरावी. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही चालवू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. झाकण तर उघडूच नये. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

मामांनी विकत घेण्यापूर्वी एका स्नेह्याकडून कागदी पडद्याचे 12 इंची जुने स्पीकर दोन दिवसांपुरते मागून आणले. पेट्या चांगल्या कमरेएवढ्या उंच. पत्रकातील आकडा 96. तीच ध्वनिमुद्रिका लावली. तबल्याची थाप स्वच्छ उमटली आणि तार षड्ज निर्मळपणे खोलीभर पसरला. मामा डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "अहो, जरा कमी करा, शेजारी झोपले असतील!"

पन्नास वॉटांचा विचार त्या दुपारपासून मामांनी पुन्हा काढला नाही.