नव्या घरातले पोटभाडेकरू

गेल्या जून महिन्यात माझ्या थोरल्या बंधूंनी मुलीसाठी नवा लॅपटॉप घेतला. आम्ही कर्जतचे. मुंबईची लोकल जाते त्या कर्जतचे नव्हे, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, रेहेकुरीच्या काळविटांच्या शेजारी राहणाऱ्या आणि कुकडीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या कर्जतचे. दादांची वस्ती राशीनच्या रस्त्याला आहे. कांद्याची पट्टी हातात आली, त्यातून त्यांनी अडतीस हजार बाजूला काढले. पुतणीला महाविद्यालयात संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला होता. खोके उघडताना वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिले. नवी वस्तू घरात येते तेव्हा आपल्याकडे ती अशीच येते.

साधारण महिन्याने दादा बाजाराला आले तेव्हा माझ्याकडे डोकावले आणि खिशातून एक पावती काढून म्हणाले, ‘‘हे बघ रे, बरोबर हाये का?’’ पावती दीड हजाराची होती. लॅपटॉपवर तांबड्या अक्षरात सूचना येऊ लागली होती, की तुमचे संरक्षण संपले आहे, तुमचा संगणक धोक्यात आहे, आजच नूतनीकरण करा. दिवसातून चार वेळा, पोरगी अभ्यासाला बसली की हटकून. दादांनी तालुक्याला येऊन पैसे भरून टाकले. मला म्हणाले, ‘‘तांबडं अक्षर दिसलं की पोराला ताप चढल्यागत वाटतं बघ. तिथं इचार कोण करतो?’’

मी निवृत्त शिक्षक. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागावे म्हणून संगणक शिकलो आणि पुढे त्याची गोडी लागली, एवढाच माझा अधिकार. तरी वस्तीवर जाऊन ते यंत्र उघडून पाहिले. आत जी वर्दळ होती ती पाहून चकित झालो. तीस दिवसांपुरते दिलेले विषाणूरोधक, महिनाभराने पैसे मागणारे लेखनाचे सॉफ्टवेअर, दोन-तीन खेळ, खरेदीच्या दुकानांची चिन्हे, ‘आपली नोंदणी करा’ म्हणून मागे लागणारा कंपनीचा स्वतःचा मदतनीस आणि यंत्र सुरू होताच न बोलावता जागे होणारे आणखी काहीजण. यातले एकही दादांनी मागितले नव्हते. गंमत अशी की, जे हवे होते ते मात्र समोर नव्हते. मराठी कळफलक विंडोजमध्ये गेली पंचवीस वर्षे फुकट आहे. पण तो सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांच्या यादीतून आपण शोधून आणायचा. परक्यांची बिऱ्हाडे आधीच थाटलेली, आणि आपली भाषा उंबऱ्याबाहेर उभी!

वाचकहो, आपण घर विकत घेतले, खरेदीखत झाले, कुलूप उघडले आणि आत सात-आठ पोटभाडेकरू चुली पेटवून बसलेले दिसले, तर आपण काय करू? वकील गाठू. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, ‘असेच असते.’ ते तसे का असते, हे पाहण्यासारखे आहे.

या पोटभाडेकरूंचे भाडे आपल्याला मिळत नाही, ते यंत्र बनवणाऱ्याला मिळते. संगणकाच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण फार थोडे. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या यंत्र बनवणाऱ्याला जागेचे पैसे देतात, किंवा पुढे गिऱ्हाईक नूतनीकरण करील त्यात वाटा देतात. ‘तीस दिवस मोफत’ हे दान नव्हे, ते गळाला लावलेले आमिष आहे. शंभरातल्या मोजक्यांनी भिऊन पैसे भरले तरी हिशेब जुळतो. आमचे दादा त्या मोजक्यांतले निघाले.

माझ्या परिचयातले एक दुकानदार यावर म्हणाले, ‘‘सर, ते आत आहे म्हणून तर मशीन स्वस्त पडतं.’’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण मग ते खोक्यावर छापा! या सॉफ्टवेअरसह किंमत इतकी, त्यांच्याविना इतकी, असे लिहा. दोनशे रुपये जास्त देऊन मोकळे यंत्र घ्यायचे की नाही, ते गिऱ्हाईक ठरवील. स्वस्ताईचे कारण गिऱ्हाइकापासून लपवायचे आणि त्याने विचारले की तेच कारण उपकारासारखे पुढे करायचे, हा कुठला व्यवहार?

हा झगडा जुना आहे. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. विंडोजसोबत येणारा इंटरनेट एक्सप्लोरर यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना काढता येत नव्हता, त्याचे चिन्हसुद्धा पडद्यावरून हलवता येत नव्हते, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. २००१ मध्ये अपील न्यायालयाने यातली बहुतेक बंधने बेकायदा ठरवली. यंत्र बनवणाऱ्यांना मोकळीक मिळाली. पण ही मोकळीक कुणाला मिळाली ते नीट पाहा. ती बनवणाऱ्याला मिळाली, विकत घेणाऱ्याला नव्हे! एका मालकाच्या हातातली किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली. घरात राहणारा होता तिथेच राहिला.

पुढे काय काय घडले याचे दोन दाखले पुरेत. २००८ मध्ये सोनीने काही लॅपटॉपवर ही नको असलेली सॉफ्टवेअर न घालता यंत्र देण्याची सोय काढली आणि त्यासाठी पन्नास डॉलर मागितले. घाण न करण्याचे पैसे! ओरड झाली तेव्हा ती आकारणी मागे घेतली गेली. दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. २०१४ च्या उत्तरार्धापासून लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर आधीच घातलेले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते त्या यंत्रात स्वतःचे प्रमाणपत्र बसवत असे, आणि त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती. ती एकाच्या हाती लागली की बँकेच्या नावाने खोटे पान दाखवणे सोपे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आले, कंपनीने माघार घेतली आणि २०१७ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड केली. तात्पर्य, हे पाहुणे नुसती जागा अडवतात असे नाही. क्वचित ते मागचे दार उघडे ठेवून जातात.

आपल्याकडे प्रश्न संगणकापेक्षा मोबाइलच्या रूपाने न्यायासनापुढे गेला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. गूगलची ॲप्स आधीपासून घालण्याची सक्ती आणि ती काढून टाकण्याची सोय नसणे, हा त्यातला एक आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पण काही निर्देश रद्द केले, आणि त्यात ॲप काढून टाकण्याची मुभा देण्याचा निर्देशही गेला. दंड सरकारजमा, ॲप जागच्या जागी! युरोपात मात्र मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांवर ही मुभा देण्याचे बंधन आले आहे.

हा मोह केवळ कंपन्यांनाच होतो असेही नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीच घालण्याचा आदेश काढला. ॲपचा हेतू चांगला होता, चोरीचे मोबाइल शोधणे आणि फसवणूक रोखणे. तरीही देशभर प्रश्न उभा राहिला, की माझ्या मोबाइलमध्ये मला न विचारता का? अवघ्या काही दिवसांत, ३ डिसेंबरला, ती सक्ती मागे घेण्यात आली. चांगल्या हेतूच्या सरकारी ॲपला जो प्रश्न आपण विचारला, तोच दुकानातून आणलेल्या यंत्राला विचारायला काय हरकत आहे?

कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. खोटी घाई करणे, पुन्हा पुन्हा सतावणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे हे सारे त्यात आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण दीड हजारासाठी तक्रार करायला वस्तीवरचा माणूस जात नाही, हे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

तोवर आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. पुतणीला शेजारी बसवून आम्ही कामाला लागलो. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडले की आत काय काय घातले आहे त्याची यादी मिळते. एकेक नाव वाचायचे, कशाचे आहे ते समजून घ्यायचे आणि नको ते ‘अनइन्स्टॉल’ करायचे. ध्वनी, पडदा, बॅटरी यांच्याशी संबंधित नावांना हात लावायचा नाही. मुदत संपलेले विषाणूरोधक काढून यंत्र पुन्हा सुरू केले, की विंडोजचे स्वतःचे संरक्षण आपोआप जागे होते आणि त्याला वर्गणी लागत नाही. नेहमीच्या घरगुती वापराला, विंडोज वेळेवर अद्ययावत ठेवले तर, ते पुरते. लेखनासाठी ‘लिब्रे ऑफिस’ फुकट मिळते. एक सावधगिरी मात्र हवी. पुष्कळ यंत्रांत कंपनीने दिलेल्या साठ्यातून सगळे मूळपदावर आणले, तर काढलेली मंडळी पुन्हा हजर होतात. गाजरगवत वरून कापले की पावसाबरोबर परत फुटते, तसेच. मुळापासून काढायचे तर मायक्रोसॉफ्टकडून विंडोजची कोरी प्रत उतरवून घेऊन ती नव्याने घालावी लागते. परवान्याची किल्ली बहुधा यंत्रातच असते, त्यामुळे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र आपले कागदपत्र आधी दुसरीकडे उतरवून ठेवावे.

पण प्रत्येक वस्तीवर निवृत्त मास्तर नसतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. आत काय घातले आहे ते खोक्यावर लिहा. यंत्र पहिल्यांदा उघडताना ‘हे हवे का?’ असे एकेकाचे नाव घेऊन, कळेल अशा भाषेत विचारा. आणि ‘नको’ म्हटलेले पुन्हा येऊ देऊ नका. कर्जत-जामखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या दुकानदारांनाही एक विनंती. यंत्र देताना अर्धा तास खर्च करा, आतली गर्दी काढा आणि मराठी कळफलक बसवून द्या. त्याचे शंभर रुपये घ्या, लोक आनंदाने देतील.

दादांचे दीड हजार परत मिळाले नाहीत. भरलेले पैसे एक वर्षाचे होते आणि परताव्याची मुदत उलटून गेली होती. पुतणीने मराठी कळफलकावर पहिले काम केले ते वडिलांच्या कांद्याचा हिशेब लिहिण्याचे. खर्चाच्या बाजूला शेवटची नोंद तिने न विचारता स्वतःच केली : ‘भीतीपोटी, रुपये १५००.’ दादांनी ती वाचली, हसले आणि म्हणाले, ‘‘राहू दे. पुढच्या साली तांबडं अक्षर दिसलं तर ध्यानात राहील.’’