बिनतारी खटका

आमच्या घरीं धाकट्या चिरंजीवांनीं गेल्या वर्षीं बिनतारी प्लग बसविले. भिंतींतल्या प्लगमध्यें एक डबी खोंचावयाची, तिच्यांत कूलरची पिन घालावयाची, आणि दिवाणखान्यांतल्या लहानशा यंत्राकरवीं मोबाइलवरून हुकूम सोडावयाचा. भिंती फोडणें नाहीं, तारा ओढणें नाहीं. गुडघे धरलेल्या माणसांची तर मोठीच सोय.

यांतली कारागिरी वाचकांनीं थोडी समजून घ्यावी. प्रत्येक डबीला आपला सांकेतिक अंक असतो. यंत्र तो अंक आणि ‘चालू’ वा ‘बंद’ एवढी आज्ञा सुमारें ४३३ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींवर सोडतें. अंक जुळला त्या डबींतला खटका पडतो. परंतु स्वस्त डबीला ऐकतां येतें, बोलतां येत नाहीं. आज्ञा पोंचली कीं वाटेंत विरली, हें यंत्रास कळत नाहीं. तें आपली शेवटची आज्ञाच खरी मानून मोबाइलवर दाखवितें. न्यायशास्त्राच्या भाषेंत हें प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. आणि तेंहि हेत्वाभासावर उभारलेलें.

याचें फळ वैशाखांत मिळालें. भुसावळचा वैशाख म्हणजे काय हें खानदेशाबाहेरच्यांसहि ऐकून ठाऊक असेल. एका रात्रीं वीज दहा मिनिटें जाऊन आली. वीज परतली कीं आमच्या या डब्या बंद स्थितींतच जाग्या होतात. मोबाइलवर मात्र काकूंच्या खोलींतला कूलर सकाळपर्यंत ‘चालू’! सत्त्याऐंशी वर्षांच्या काकू रात्रभर पदरानें वारा घेत बसल्या. मुलांनींच कांहीं कारणानें बंद केला असेल, असें समजून त्यांनीं कोणास उठविलें नाहीं. सकाळीं त्यांचें सुकलेलें तोंड पाहून मला जी लाज वाटली ती सांगवत नाहीं.

वास्तविक आम्हां रेल्वेच्या गांवच्या माणसांस हें आधींच सुचावयास हवें होतें. जें फाटक सिग्नलशीं जोडलेलें नसतें, तें बंद करण्यास सांगितलें म्हणजे बंद झालें, असें स्टेशनमास्तर मानीत नाहीं. गेटमन फाटक लावून फोनवर आपला खासगी अंक सांगतो. तो नोंदविल्यावर मगच गाडीला वाट मिळते. पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रास २००९ सालीं नोकियाच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें. त्यानें शेतकरी घरबसल्या विहिरीवरचा पंप चालवितो. परंतु पंपापाशीं वीज आहे कीं नाहीं, हेंहि त्यास मोबाइलवरच कळतें.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, आज्ञा तीनदां पाठवूं.” वाटेंत विरणाऱ्या आज्ञेवर हा उपाय ठीक, मागाहून गेलेल्या विजेवर नव्हे. म्हणून काकूंच्या खोलींत आतां उलट निरोप देणारा प्लग आहे. कूलर किती वीज ओढतो, हेंहि तो सांगतो. किंमत अधिक पडली. जुन्या डब्या अंगणांतल्या दिव्यांना लाविल्या. इस्त्री वा हीटर यांस त्या कोणीं लावूं नयेत. त्याच जातीच्या शेजारच्या रिमोटचा अंक जुळला, तर रिकाम्या खोलींत हीटर तापावयाचा.

काकूंच्या उशाशीं मीं पितळेची घंटाहि ठेविली आहे. ती त्यांनीं अद्याप एकदांहि वाजविलेली नाहीं.