गाठीची जात ओळखा, मगच उपचार



परवा औरंगपुऱ्यात मुलीची पुस्तके घ्यायला आलेले एक ओळखीचे शेतकरी भेटले. पत्नीच्या स्तनातील गाठीचा रिपोर्ट पुढे करून म्हणाले, "साहेब, हे हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे काय?" मी शेतीचा माणूस, तरी जाणकारांकडून समजून घेतले ते आपणा सर्वांसाठी लिहितो.

पेशीच्या आवरणावर 'ग्राही' नावाची प्रथिने असतात. बाहेरचा निरोप ती आत पोचवतात, मग पेशी वाढते व तिच्या दोन पेशी होतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टरच म्हणा ना! हर-टू हा असाच एक ग्राही. निरोगी पेशीवर तो बेताचा असतो. मात्र स्तनाच्या १०० कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० मध्ये तो पेशीवर दाटीने असतो. मग स्टार्टर चालूच राहतो. बांध फुटून पाणी शेजारच्या रानात शिरावे, तशा पेशी काखेतील गाठींत आणि पुढे यकृत, फुप्फुस, हाडे, मेंदूपर्यंत पसरतात.

पण ज्या ग्राहीमुळे रोग जोर धरतो, तोच औषधाला धरायला जागा देतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमके हर-टूवर बसून त्याचा हुकूम अडवते. अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. २०१४ पासून भारतात बनवलेले औषधही मिळू लागले. ज्या गाठीत हर-टू वाढलेला नाही, तिथे मात्र सहसा त्याचा उपयोग नाही.

म्हणून गाठीचा तुकडा तपासताना हर-टूची तपासणी झाली का, हे जरूर विचारा. रिपोर्टात ३ अधिक असेल तर पॉझिटिव्ह. २ अधिक असेल तर 'फिश' ही आणखी एक तपासणी लागते. तुकड्याची मेणातली वडी व सर्व कागद जपून ठेवा. हे औषध सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करतात, ती टाळू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

आणि भगिनींनो, गाठ दुखत नाही म्हणून सुगी होईपर्यंत थांबू नका. कीड ओळखल्याशिवाय आपण फवारणी करत नाही आणि कीड दिसल्यावर उद्यावरही ढकलत नाही. पिकाला जो न्याय, तोच घरच्या लक्ष्मीलाही द्यावा.