शांततेची प्रार्थना आणि शांततेचे काम

शांतता हा शब्द चर्चच्या उपासनेत इतक्या वेळा येतो, की त्याची धार बोथट होण्याची भीती असते. बुलढाणा जिल्ह्यात, अगदी जानेफळच्या परिसरातही, ख्रिस्ती मंडळीचे नाव निघते ते बहुधा मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या संदर्भात. शेजारच्या वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण. हे सेवाकार्य थोर आहेच. परंतु सेवा जखम बांधते. जखम करणाऱ्याचा हात धरणे हे निराळे काम, आणि धर्मसंस्थांना ते सहसा अवघड वाटते.

मराठी मुलखात हे काम वसईत झाले. ऐंशीच्या दशकात तेथे जमिनींवर डोळा ठेवून दहशत माजली होती, गावच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जात होते आणि माणसे उघड बोलेनाशी झाली होती. अशा वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून लोकांना रस्त्यावर आणले. १९८९ साली वसईच्या तहसील कचेरीवर हजारोंचा मोर्चा गेला. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दिब्रिटोंनी हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा मानला नाही. विहीर आटते ती कुणाचा धर्म पाहून नव्हे. चर्च केवळ आपल्या कळपापुरते उभे राहिले, तर ते स्वसंरक्षण ठरते. त्यास शांतिकार्य म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले दिब्रिटो मराठीतच लिहीत-बोलत राहिले. दहशतीखाली सर्वप्रथम मुकी होते ती भाषाच. 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या पुस्तकात ते इस्राएल-पॅलेस्टाईनच्या रक्तरंजित प्रश्नाकडे वळले, हा मला योगायोग वाटत नाही.

'आपण मूठभर, आपण कशाला बोलावे?' हा अल्पसंख्याक चर्चचा नेहमीचा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नाही. बोलण्याची किंमत मोजावी लागते. पण चर्च जेथे बहुसंख्यांचे आहे, तेथेही वाट सोपी नसते. नागालँडमध्ये १९६४ साली बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने शांतिमंडळ नेमले गेले. जयप्रकाश नारायण, बिमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट हे त्याचे सदस्य. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. पुढे बोलणी फिसकटली, मंडळही विसर्जित झाले. तरी गावांना उसंत मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. येथे चर्चने दोन्ही बाजूंचा विश्वास टिकविण्याचा यत्न केला. उलट, मे २०२३ पासून मणिपुरात जे घडले, त्यात कुकींची चर्चे जळाली तशी मैतेई ख्रिस्ती लोकांचीही जळाली. वांशिक ओळख विकोपाला गेली, की एकच बायबल वाचणारेही एकमेकांच्या दारी जाऊ शकत नाहीत. तोवर वेळ निघून गेलेली असते. वसईसारखे काम त्याआधीच व्हावे लागते.

जानेवारी २०२० मध्ये झालेल्या उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा एका धर्मगुरूने हे पद घ्यावे काय, असा आक्षेप काहींनी घेतला होता. प्रकृती खालावलेली असतानाही ते संमेलनाला आले आणि अवघ्या काही दिवसांपूर्वी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात झालेल्या हल्ल्याविषयी व्यासपीठावरून बोलले.