नोंद नसलेली कोठडी आणि सोबत्याची साक्ष

नोव्हेंबर २०१७. सांगली शहर पोलिसांच्या ताब्यातला अनिकेत कोथळे आणि त्याचा सोबती पळून गेले, असे पोलिसांनी सांगितले. तपासात निघाले ते वेगळेच: अनिकेत मारहाणीत मेला होता, त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. सोबती मात्र जिवंत होता, आणि त्याने मारहाण पाहिली होती.

गुप्त कोठडीला वेगळी इमारत लागत नाही. डायरीत नाव चढवले नाही की कुठलीही खोली गुप्त होते. तिथे काय झाले हे सांगू शकतो तो फक्त शेजारी बसवलेला माणूस.

आणीबाणीत केरळच्या कक्कयम इथल्या पोलीस छावणीचेही असेच झाले. १ मार्च १९७६ ला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी राजन याला उचलले. वडील ईचर वारियर दारोदार फिरले. १९७७ मध्ये ते हायकोर्टात गेले, तेव्हा सरकारचे उत्तर होते की आम्ही त्याला पकडलेच नाही. त्याला ताब्यात पाहिलेल्यांनी कोर्टात सांगितले, म्हणून ते खोटे ठरले. मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावे लागले. राजनचा मृतदेह आजवर मिळालेला नाही.

२४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, हे कलम २२ मध्ये आहे. बाबासाहेबांनी ते सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत मांडले. तरी वस्तीतून आम्हाला रात्री फोन येतो, "पोराला चौकशीला नेलंय, कुठं ते सांगत नाहीत." परभणीत सोमनाथ सूर्यवंशी तर नोंदीतल्या कोठडीत गेला, आणि तिथेही गुन्हा नोंदवायला हायकोर्टाचा आदेश लागला.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच आहे. माणूस हजर करा, या याचिकेसाठी सांगली-सोलापूरच्या आईबापांना आता मुंबई गाठायला नको. पण याचिकेत लिहायचे काय? आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो. त्या गाडीत आणखी कोण होते हे कुणी लिहून ठेवत नाही. ती नावे, वेळ, गाडीचा नंबर त्याच रात्री लिहा. सुटून आलेल्याची आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, मग जबाब.

आणि हा पोरगा उद्या त्याच ठाण्याच्या हद्दीत राहणार असतो. पुढचा महिनाभर त्याच्या घरी रात्री कोण थांबणार, हे जबाबाआधी ठरवा.