बरतरफ

आज जुनी आठवण आणि थोडं माझं मत, दोन्ही लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

परवा घरी नातवाचे मित्र बसले होते. एकजण म्हणाला, "आजोबा, सरकारी नोकरी एकदा लागली की देवसुद्धा काढू शकत नाही." मला आमच्या वडिलांची आठवण झाली.

वडील निजामाच्या अमलात तहसील कचेरीत कारकून. दफ्तर सगळं उर्दूत. मुअत्तल म्हणजे निलंबित आणि बरतरफ म्हणजे कामावरून दूर, हे दोन शब्द आमच्या घरात मुलांनासुद्धा माहीत. आपला 'बडतर्फ' त्या बरतरफचाच.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची फौज शरण आली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. रझाकारांनी आपल्या भागात काय केलं, ते जुन्या घरांना सांगायला नको. पण त्यानंतर संशयावरून कित्येक मुसलमान नोकरदारांच्या नोकऱ्या गेल्या. वडिलांच्या शेजारी बसणारे एक पेशकार त्यातलेच. हातात चार ओळींचा कागद, दुसऱ्या दिवशी घरी. वडील म्हणायचे, "दोषी असतील, नसतील. पण एकदा विचारायला तर हवं होतं की नाही?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

पुढे राज्यघटना आली. कलम 310 म्हणतं की सरकारी नोकर राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या मर्जीपर्यंत पदावर. ही जुनी, इंग्रजांकडून आलेली गोष्ट. पण लगेच 311 त्या मर्जीला लगाम घालतं. ज्याने नेमलं, त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. आणि आरोप सांगून, चौकशी करून, बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. अपवाद तीनच: फौजदारी गुन्ह्यात शिक्षा, चौकशी करणं व्यवहारात अशक्य, किंवा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न. वडिलांचा प्रश्न घटनेतच लिहिला गेला म्हणा ना.

1 नोव्हेंबर 1956 ला आपला जिल्हाच फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, आपण म्हैसूरमध्ये. नेमणूक हैदराबादची, मग आता मालक कोण? राज्य पुनर्रचना कायद्यात उत्तर होतं: माणूस त्याच पदावर राहील, आणि नव्या राज्यानेच त्याला नेमलं असं धरलं जाईल. नोकरीच्या अटी त्याच्या तोट्यात बदलायच्या तर आधी केंद्राची मंजुरी. कन्नड येत नसलेले वडील त्या आधारावर निवृत्तीपर्यंत टिकले.

मी बँकेत गेलो. आम्हाला 311 लागू नाही, पण आमच्या नियमांतही चौकशी होतीच. मी चौकशी अधिकारी म्हणून दोन प्रकरणं पाहिली. एकात सगळे म्हणत होते, "कॅशियर चोर आहे, काढा." व्हाउचर तपासली तर चूक दुसऱ्याच टेबलावरची निघाली. दुसऱ्यात अपहार कागदोपत्री सिद्ध झाला. तो माणूस बडतर्फ झाला आणि अपिलातही निर्णय टिकला.

म्हणून माझं मत सरळ आहे. कामचुकाराला कायदा वाचवत नाही. त्याला वाचवतो तो वरिष्ठांचा आळस. आरोपपत्र नीट लिहायचं नाही, साक्षीदार आणायचे नाहीत, आणि मग "काढता येत नाही" म्हणून हात झटकायचे.

खरी काळजी वेगळीच आहे. 371 जे मुळे आपल्या भागातल्या मुलांना नोकरीत राखीव जागा मिळाल्या, चांगलं झालं. पण कचेऱ्यांत, शाळांत आज कितीतरी मुलं कंत्राटावर आहेत. एजन्सीचा फोन येतो, "उद्यापासून येऊ नका." संपलं! त्यांना 311 नाही. पेशकारांना निदान चार ओळींचा कागद तरी मिळाला होता.

मुलांनो, नोकरी घेताना पगार विचारता, तसंच हेही विचारा: मला नेमणारा कोण, आणि काढायचं झालं तर आधी मला विचारणार कोण?

48 च्या किंवा 56 च्या अशा आठवणी तुमच्याही घरी असतील. जरूर लिहा. आमची पिढी आहे तोवर कागदावर येऊ द्या.